खुर्ची महापौरांची, प्रश्न आपले

फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेचा निकाल लागला तेव्हा शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या. २२७ जणांच्या सभागृहात बहुमत कुणालाच नव्हते. गिरगावातल्या एका प्रभागात तर दोन उमेदवारांना सारखीच मते पडली आणि चिठ्ठी काढून निकाल लावावा लागला. पुढचे काही दिवस महापौर कोणाचा होणार, याखेरीज दुसरी चर्चाच नव्हती. अखेर भाजप स्पर्धेतून बाजूला झाला आणि शिवसेनेचे विश्वनाथ महाडेश्वर महापौर झाले. तो दिवस होता ८ मार्च, महिला दिन!

या चुरशीत एक गोष्ट झाकली गेली. त्या सभागृहातल्या ११४ जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या. निम्मे सभागृह बायकांचे, पण कोणत्या बाईने वस्तीतल्या नळाचा, शौचालयाचा प्रश्न लावून धरला, हे कुणी मोजले?

मैत्रिणींनो, महापौरपद मानाचे आहे. सुलोचना मोदी १९५६ मध्ये मुंबईच्या पहिल्या स्त्री महापौर झाल्या, याचा आपल्याला अभिमानच आहे. पण न्यूयॉर्कमध्ये लोक महापौराला थेट निवडतात आणि कारभारही त्याच्याच हाती असतो, तसे आपल्याकडे नाही. इथे नगरसेवक महापौर निवडतात. १८८८ च्या कायद्याप्रमाणे अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. पैशांचे आणि कंत्राटांचे निर्णय स्थायी समितीत होतात. म्हणजे खुर्चीकडे डोळे लावून बसलो, तर तिजोरीकडे आपली पाठ होते.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. जवळजवळ चार वर्षे वस्तीतल्या बाईला जाब विचारायला हक्काची नगरसेविका नव्हती. नगरसेविका कितीही कमी पडो, तिच्या दारात हंडा घेऊन उभे राहता येते. प्रशासकाच्या दारात आधी पास लागतो.

निवडून आलेल्या बाईचा कारभार तिचा नवराच बघतो, असे म्हणून आपणही हसतो. त्याऐवजी तिच्या पाठीशी उभे राहिलो तर? तिला सभेचे कामकाज समजावून देणे, तिने विचारायचे प्रश्न वस्तीत बसून तयार करणे, हे काम महिला मंडळांचेच आहे. स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या हव्यात, ही मागणी मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी २०११ पासून ‘राईट टू पी’ मोहिमेतून चव्हाट्यावर आणली. ज्या शब्दाची लाज वाटायची, तो महापालिकेच्या दरबारात बोलला गेला. तो कुणा महापौराने आपणहून उच्चारला नव्हता.

चेंबूरच्या एम पश्चिम आणि शेजारच्या गोवंडी-मानखुर्दच्या एम पूर्व विभाग कार्यालयांत आपले अर्ज पडलेले असतात. माहुलला हलवलेल्या कुटुंबांतल्या बायकांनी प्रदूषणाविरुद्ध रस्त्यावर आणि कोर्टात दिलेला लढा आपल्यासमोर आहे. प्रत्येक गटाने आपल्या प्रभागाच्या नगरसेविकेला, नगरसेवकाला दर तीन महिन्यांनी वस्तीत बोलवावे आणि अंदाजपत्रकात आपल्या गल्लीसाठी काय आहे, ते विचारावे.

दोन जागांच्या फरकाने पक्ष जिंकतात, हरतात. आपली मोजणी मात्र निकालानंतर सुरू होते.