नखं काढलीत, आता दातांचं काय?

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाची रांग लागली की पूर्वी व्हिसा निघायचा, मग घरांचे भाव, मग मुलांच्या कॉलेजच्या फिया. आता त्यात मांजर शिरलं आहे. कोविडच्या काळात आपल्यातल्या बऱ्याच घरांत मुलांच्या हट्टापायी मांजर आलं आणि त्याच्या मागोमाग हा सल्लाही आला: ‘मांजर घेतलंय ना? मग पुढच्या पायांची नखं काढून टाका. स्पेइंगच्या, म्हणजे नसबंदीच्या वेळीच सांगा, एकाच भुलीत दोन्ही कामं होतात.’ ऐकणारे मान डोलावतात, कोणीतरी खर्च विचारतं आणि रांग पुढे सरकते. सल्ला देणाऱ्याच्या मनात दुष्टपणा नसतो, त्याला फक्त नवा लेदरचा सोफा वाचवायचा असतो. म्हणून दयामाया घटकाभर बाजूला ठेवू. सोफा, घरातली म्हातारी माणसं, भाड्याचं घर अशी जी कारणं पुढे केली जातात, त्या कारणांच्या हिशेबानेही हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, एवढंच मला दाखवायचं आहे.

आधी नेमकं काय कापलं जातं ते पाहू, कारण रांगेतल्या चर्चेत ते कधीच येत नाही. माणसाचं नख मांसावर वाढतं. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच फुटतं आणि ते वाढवणाऱ्या पेशी त्या हाडालाच चिकटलेल्या असतात. त्यामुळे नख पुन्हा येऊ नये असं वाटत असेल तर ते हाडच काढावं लागतं. पुढच्या दोन पायांना पाच-पाच बोटं, म्हणजे एका बैठकीत दहा बोटांची शेवटची पेरं सांध्यातून छाटायची. छाटायला गिलोटिनसारखी कात्री, स्कॅल्पेल किंवा लेसर यांपैकी काहीही वापरतात. मग जखमा गोंदाने किंवा टाक्यांनी बंद करायच्या, पायांना पट्ट्या बांधायच्या आणि लिटरचे खडे जखमेत जाऊ नयेत म्हणून काही दिवस बॉक्समध्ये कागदाचं लिटर घालायचं. त्यात मांजर टाचा टेकून चालत नाही, ते बोटांवर चालतं. शेवटचं हाड गेलं की भार मागच्या पेरावर येतो आणि बोट वाकवणारा स्नायुबंध जिथे जोडलेला होता ती जागाच उरत नाही. चाल बदलते आणि त्याचा ताण वर खांद्यापर्यंत, पाठीपर्यंत पोचतो.

आता सोफ्याच्या हिशेबाकडे वळू. ‘जर्नल ऑफ फीलाइन मेडिसिन अँड सर्जरी’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नखं काढलेली १३७ आणि न काढलेली १३७ मांजरं तपासली होती. नखं काढलेल्यांत लिटर बॉक्सच्या बाहेर घाण करण्याची शक्यता सुमारे सातपट निघाली, चावण्याची साडेचारपट आणि पाठदुखीची जवळजवळ तिप्पट. एक्स-रे काढले तेव्हा नखं काढलेल्या मांजरांपैकी सुमारे ६३ टक्क्यांच्या पायांत हाडाचे तुकडे मागे राहिलेले दिसले. हे सगळं एका धाग्यात ओवलेलं आहे. पंजा दुखतो, त्यामुळे खडबडीत लिटरमध्ये पाय घालून उकरणं नको होतं. मग मांजर मऊ जागा शोधतं, आणि आपल्या घरात मऊ जागा म्हणजे गालिचा, गादी, धुऊन ठेवलेल्या कपड्यांची टोपली आणि तोच सोफा. ओरखडा पडलेल्या सोफ्यावर चादर टाकता येते. आपण तर टीव्हीच्या रिमोटलाही प्लास्टिकची पिशवी घालणारी माणसं! पण मांजराच्या मुताचा वास फोममध्ये मुरला की कोणतीही चादर कामाची नाही. सोफा उचलून रस्त्याच्या कडेला ठेवावा लागतो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

यावर कोणी म्हणेल की अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, कदाचित मुळातच तापट आणि उपद्रवी मांजरांची नखं लोक काढून घेत असतील. शंका रास्त आहे. पण याच अभ्यासात नखं काढलेल्या मांजरांची आपापसातही तुलना आहे. ज्यांच्या पायांत हाडाचे तुकडे राहिले होते, त्यांच्यात हे त्रास स्वच्छ शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा जास्त आढळले. तुकडा मागे राहण्याशी मांजराच्या स्वभावाचा काही संबंध नाही, तो शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हाताशी आहे. आणि शस्त्रक्रिया उत्तम झालेल्या मांजरांतही चावणं आणि बाहेर घाण करणं नखं असलेल्या मांजरांपेक्षा जास्तच होतं. लेसरचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. लेसरने रक्त कमी वाहतं, पहिले काही दिवस त्रास कमी होतो, हे मान्य. पण लेसरने कापलं म्हणून कापलेलं हाड जागेवर राहत नाही, आणि मी बोलतो आहे ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांबद्दल.

दुसरं कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत, मधुमेह आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, हाताची त्वचा कागदासारखी झाली आहे. मांजराने पंजा मारला तर? ही काळजी मला सोफ्यापेक्षा खूप मोलाची वाटते, म्हणून तिचं उत्तरही नीट द्यायला हवं. पंजा हे मांजराचं पहिलं हत्यार आहे. ते काढून घेतलं की दातच उरतात. नखाचा ओरखडा बहुधा वरवरचा असतो. मांजराचे सुळे मात्र सुईसारखे बारीक, ते खोल रुततात आणि पाश्चुरेलासारखे जंतू आत सोडतात. बाहेरून भोक एवढंसं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी हात सुजून येतो. मधुमेह्याच्या हाताला ओरखडा परवडेल, चावा नाही. प्रतिकारशक्ती अत्यंत कमी असलेल्या एचआयव्हीग्रस्तांसाठी अमेरिकेत ज्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांतही मांजराची नखं काढण्याचा सल्ला दिलेला नाही. पिसवांचा बंदोबस्त करा, दांडगाईचे खेळ टाळा, ओरखडा लगेच साबणाने धुवा, असं सांगितलं आहे. त्यांच्यासाठी जे गरजेचं मानलेलं नाही ते सासूबाईंसाठी कसं गरजेचं होतं?

राहिला कायदा आणि शेल्टरचा मुद्दा. हडसन ओलांडून न्यूयॉर्कमध्ये गेलात तर वैद्यकीय गरज नसताना ही शस्त्रक्रिया करणं २०१९ पासून बेकायदा आहे आणि दंड १००० डॉलरपर्यंत होऊ शकतो. अमेरिकेतलं ते पहिलं राज्य. पाठोपाठ २०२२ मध्ये मेरीलँड, मग व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्सने तेच केलं. न्यू जर्सीच्या असेंब्लीनेही २०१७ च्या जानेवारीत असं विधेयक संमत केलं होतं, पण सिनेटमध्ये ते अडकलं. इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात आणि कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत बंदी आहे. इस्राएलमध्ये तर तुरुंगवासाची तरतूद आहे. व्हीसीए, बॅनफील्ड आणि ब्लूपर्ल या मोठ्या साखळ्यांनी २०२० मध्ये आपल्या दवाखान्यांतून ही शस्त्रक्रिया बंद केली. बंदीच्या विरोधकांचा एकच दणकट युक्तिवाद होता: नखं काढू दिली नाहीत तर वैतागलेले लोक मांजरं शेल्टरला नेऊन टाकतील आणि तिथे ती मरतील. ब्रिटिश कोलंबियात २०१८ ला बंदी आली, तेव्हा तिथल्या शेल्टरांच्या एका साखळीच्या बंदीआधीच्या आणि नंतरच्या नोंदी संशोधकांनी ताडून पाहिल्या. नासधुशीच्या कारणाने मांजरं सोडून जाण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. भाड्याच्या घराचं म्हणाल, तर नखं काढलेलंच मांजर हवं अशी अट घालायला कॅलिफोर्नियाने २०१२ च्या कायद्याने घरमालकांना मनाई केली. इतर ठिकाणी करारनामा वाचून घासाघीस करावी लागेल, आणि ती आपल्याला शिकवायला नको.

मग करायचं काय? मांजर सोफा ओरबाडतं ते खोडसाळपणाने नाही. झोपून उठल्यावर ते पुढचे पाय लांब ताणतं, नखं कशात तरी रुतवतं आणि सगळं अंग मागे खेचतं. त्यात पाठ मोकळी होते, नखावरचं जुनं टरफल गळून पडतं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास त्या जागेला लागतो, म्हणजे जागेवर नावही लिहून होतं. ही गरज मारता येत नाही, वळवता येते. आपल्याकडे अंगणातली मांजरं आंब्याच्या बुंध्यावर, धान्याच्या पोत्यावर, काथ्याच्या पायपुसण्यावर हेच करतात. म्हणून तिथे हा प्रश्नच कोणाला पडत नाही. दाराबाहेर न पडणाऱ्या मांजराला बुंधा आपण द्यायचा. घायपाताचा दोर गुंडाळलेला खांब, निदान तीन फूट उंच, म्हणजे पूर्ण ताणता येईल, आणि बूड असं जड की अंग टाकलं तरी हलणार नाही. बहुतेक लोक दुकानातून हातभर उंचीचा डगमगता खांब आणतात, तो दिसायला नको म्हणून बेसमेंटमध्ये ठेवतात आणि ‘आमची माऊ वापरतच नाही’ म्हणतात. वास लावायचा असतो तो वर्दळीच्या जागी, बेसमेंटमध्ये कोणासाठी लावायचा? खांब सोफ्याच्या ज्या कोपऱ्यावर ओरखडे आहेत त्याच्या अगदी समोर उभा करा, सोफ्याच्या त्या कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा आणि खांबाला नखं लागली की लगेच खाऊ द्या. सवय बसली की खांब थोडा थोडा बाजूला सरकवता येतो. काही मांजरांना उभं नको, आडवं हवं असतं. त्यांना पुठ्ठ्याची फळी चालते.

नखं कापणं हे दुसरं काम, आणि त्याला दोन-तीन आठवड्यांतून पाच मिनिटं लागतात. मांजर पेंगुळलेलं असताना पंजा हातात घ्यायचा, बोट वरून-खालून हलकेच दाबायचं. नख आपोआप बाहेर येतं. उजेडात धरलं की आतली गुलाबी शीर दिसते. तिला धक्का न लावता पुढचा पारदर्शक आकडा तेवढा छाटायचा. एका बैठकीत दोनच नखं झाली तरी चालतं. हेही जमणार नसेल तर नखांवर चिकटवायच्या प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, त्या चार ते सहा आठवडे टिकतात. मांजराची पिल्लं तर हे सगळं चटकन स्वीकारतात. बोटाचं हाड ठेवून नुसता स्नायुबंध कापायचा, हा पर्याय म्हणून कोणी सुचवला तर मात्र सरळ नाही म्हणा. त्यात मांजराला नखं बाहेर काढता येत नाहीत, तरी ती वाढत राहतात आणि जन्मभर कापावीच लागतात.

‘मग स्पेइंग तरी कसं चालतं?’ हा प्रश्न हमखास येतो. चालतं, कारण त्यात मांजराचाही फायदा आहे. गर्भाशयात पू होणं टळतं, लवकर केलं तर स्तनांच्या गाठींचा धोका घटतो, नको असलेली पिल्लं होत नाहीत. निरोगी मांजराची नखं काढून मांजराला काहीही मिळत नाही. नखात गाठ झाली तर गोष्ट वेगळी, ते औषधोपचारात मोडतं आणि कायद्यांनीही त्याला मोकळीक ठेवली आहे. आणि ‘रविवारी मटण खाणाऱ्यांनी मांजराच्या नखांसाठी गळा काढू नये’ या टोमण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. तो वाद मोठा आहे, तो एखाद्या वेगळ्या अंकात घालू. पण एक क्रूरता चालू आहे म्हणून दुसरी सुरू करायला हरकत नाही, हे तर्कशास्त्र कोणत्या शाळेत शिकवतात कोण जाणे. भूतदयेवर भाषणं ऐकायची आणि प्रसादाच्या रांगेत बोटं छाटण्याचे पत्ते वाटायचे, हे शोभत नाही.

आवाज जरा चढला, माफ करा. नखं काढून घेतलेल्या सगळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचा हेतू नाही. अनेकांना दवाखान्यातच ‘पॅकेज’ म्हणून ते सुचवलं गेलं आणि हाड जातं हे कोणी सांगितलंच नाही. काहींनी तर शेल्टरमधून आधीच नखं काढलेलं मांजर आणलं, हे उलट पुण्याचंच काम. अशा मांजराला लिटर बारीक आणि मऊ घ्या, बॉक्सची कड ठेंगणी असू द्या. ते बाहेर घाण करू लागलं, उडी मारायला कचरू लागलं किंवा पंजाला हात लावताच चावू लागलं, तर ओरडू नका. व्हेटला पुढच्या पायांचा एक्स-रे काढायला सांगा. हाडाचा तुकडा आत राहिला असेल तर तो काढता येतो, वेदनेवर औषधं आहेत. आणि त्याला घराबाहेर सोडू नका, कारण कुत्रं मागे लागलं तर झाडावर चढून जायला त्याच्याकडे काही उरलेलं नाही.