गणिती प्रतिमानांवरील पीएच.डी. संशोधनाला स्थानिक चाचण्यांची जोड देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, विष्णुपुरी, नांदेड

विषय : अभियांत्रिकी व मटेरियल सायन्समधील पीएच.डी. संशोधनासाठी चाचणी सुविधा, सहमार्गदर्शन व संगणनवेळ मिळण्याबाबत

एखादा पदार्थ भाराखाली, उष्णतेत किंवा ओलाव्यात कसा वागेल हे समीकरणांत मांडून ती संगणकावर सोडवणे, हे गणिती प्रतिमानाचे काम. प्रयोगशाळेत शंभर भिंती पाडून पाहणे परवडत नाही. प्रतिमानात त्या पाडता येतात. मात्र समीकरणे सगळीकडे तीच असली, तरी त्यांत घालायचे आकडे त्या त्या दगडाचे आणि मातीचे असावे लागतात. नांदेड-लातूर भागातील संशोधनाची गरज या आकड्यांची आहे.

किल्लारीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या 6.2 तीव्रतेच्या भूकंपात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. इतक्या तीव्रतेच्या मानाने हानी फार मोठी होती, आणि त्याचे एक प्रमुख कारण घरांच्या बांधणीत होते. भिंती जाड, पण दोन पदरी. आतबाहेर मोठे दगड, मध्ये चिपा आणि माती, दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, वर मातीचे जड माळवद. हादऱ्यात दोन्ही पदर सुटले, भिंत पोटातून फुगली आणि माळवद खाली आले. त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. आयएस 1893 या मानकाच्या 2002 मधील सुधारणेत तो तिसऱ्या क्षेत्रात आला.

अशा भिंतीचे प्रतिमान दोन प्रकारे होते. फायनाइट एलिमेंट पद्धतीत भिंतीचे लहान घटक पाडून प्रत्येकावरचा ताण काढतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक दगड सुटा धरून तो शेजारच्या दगडावर कसा घसरतो ते पाहतात. दोन्हींना दगड आणि माती यांच्या जोडाची पकड, घर्षण आणि मधल्या भरावाची घनता लागते. हे आकडे इटलीतल्या किंवा नेपाळमधल्या शोधनिबंधांतून उचलले, तर उत्तर सुबक येते, पण ते लातूरचे नसते. प्रश्न जुना झालेला नाही: अशी घरे अजून गावोगाव उभी आहेत, आणि 21 मार्च 2024 रोजी हिंगोली जिल्ह्यात झालेल्या 4.5 तीव्रतेच्या भूकंपाचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले.

काळ्या मातीचेही तसेच. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती घरांच्या पायाला तडे देते. तिच्यातील पाण्याच्या हालचालीसाठी 1931 चे रिचर्ड्स समीकरण वापरतात. पण माती किती ओढीने पाणी धरते याचा आलेख प्रत्यक्ष मोजल्याशिवाय ते समीकरण कोरेच राहते. साखर कारखान्यांतल्या राखेचेही तेच. उसाच्या बगॅसची राख सिमेंटचा काही भाग वाचवू शकते. तिचा उपयोग बॉयलरमधल्या तापमानावर ठरतो, म्हणून प्रत्येक कारखान्याच्या राखेची चाचणी वेगळी. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यामुळे वेल्डिंगच्या जोडांचा थकवा हाही इथलाच विषय झाला आहे.

या पार्श्वभूमीवर पहिली आणि मुख्य मागणी चाचण्यांची आहे. विद्यापीठ (स्थापना 1994) आणि श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था (स्थापना 1981) ही दोन्ही विष्णुपुरीतच आहेत. त्यांनी संयुक्त चाचणी केंद्र चालवावे, किल्लारी परिसरातील नमुने गोळा करण्याचे काम लातूर उपपरिसराकडे द्यावे आणि मिळालेले आकडे कोणाही संशोधकाला पाहता येतील अशा नोंदवहीत ठेवावेत. बाकीच्या सोयी यानंतरच्या.

प्रतिमानावर आधारलेल्या प्रत्येक विषयाला गणितीय शास्त्रे संकुलातील सहमार्गदर्शक असावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीत सहमार्गदर्शनाला वाव आहे. अभियंत्याला भिंत कळते, पण संगणकाने दिलेले उत्तर घटक लहान केल्यावर बदलते का, हे तपासण्याची सवय गणितज्ञाला अधिक असते. ही तपासणी नसलेला प्रबंध रंगीत चित्रांचा संग्रह ठरतो. ती तपासणी आणि प्रयोगाशी केलेली तुलना ही दोन प्रकरणे प्रबंधात सक्तीची करावीत. प्रबंध शोधगंगेवर जातो तसा संगणक-कोड आणि चाचणीच्या नोंदीही विद्यापीठाकडे जमा व्हाव्यात, म्हणजे पुढच्या संशोधकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

मोठ्या आकडेमोडीसाठी राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतून पुण्याच्या आयसरमध्ये बसवलेल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रणेवर वेळ मिळावा म्हणून विद्यापीठ पातळीवर करार करावा. महागड्या सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी आवृत्तीत घटकांच्या संख्येला मर्यादा असते, तेव्हा ओपनफोम, कोड-ॲस्टर यांसारख्या खुल्या प्रणालींचे शिक्षण कोर्सवर्कमध्येच द्यावे.

शेवटची मागणी वेळेची. आयोगाच्या त्याच नियमावलीनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. काळ्या मातीवर काम करणाऱ्याला निदान दोन पावसाळ्यांच्या नोंदी हव्यात, आणि एक पावसाळा हुकला की वर्ष गेले. त्यासाठी चाचण्यांचा आराखडा व खर्च संशोधन सल्लागार समितीच्या पहिल्याच सहामाही बैठकीत मंजूर व्हावा, आणि मृगाआधी उपकरणे जमिनीत बसावीत यासाठी अनुदानाचा पहिला हप्ता एप्रिलअखेर वर्ग करण्यात यावा.

निवेदक,
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अभियांत्रिकी व मटेरियल सायन्स शाखांचे संशोधक विद्यार्थी