वाढीव पाट्यांचा भार कुणाच्या माथी?

प्रतिनिधी, धुळे

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे पूर्वीचे क्रमांक ३ व ६ चे महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात. रावेर-यावलची केळी, खानदेशचा कापूस, सातपुड्याच्या पायथ्याची पपई असा सारा माल याच रस्त्यांनी उत्तरेकडे व गुजरातकडे जातो. साहजिकच महामार्गालगत कमानपाट्यांची दुकाने व भट्ट्या मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. तेथे तुटलेला पाटा बदलला जातो, तसाच जादा पाटाही चढविला जातो. पहिले काम दुरुस्तीचे, तर दुसरे वाहनाची मूळ घडणच बदलणारे. बिलावर मात्र हा फरक क्वचितच दिसतो.

छोट्या मालवाहू गाड्यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. जादा माल भरला की गाडी मागे बसते, म्हणून मालक मागील पाटे वाढवून घेतो. मग रिकामी गाडी नाक खाली घालून धावू लागते. ते दिसायला विचित्र, म्हणून ‘लेव्हल’ करण्यासाठी पुढेही एखादा पाटा किंवा ठोकळा घातला जातो. उलट, धक्के कमी बसावेत म्हणून पुढचा पाटा काढून गाडी खाली बसविण्याचाही प्रकार आढळतो. दोन्ही उपाय नजरेच्या अंदाजाने होतात. चाकांच्या कोनाचे मोजमाप त्यात बहुधा नसते.

वास्तविक, पुढच्या पाट्याचे काम केवळ वजन पेलण्याचे नाही. रिजिड आसाच्या गाडीत तो आसाला जागेवर धरून ठेवतो आणि सुकाणूची सरळ राहण्याची वृत्तीही त्याच्यावर अवलंबून असते. किंगपिन किंचित मागे झुकलेली असते, म्हणून वळणानंतर सुकाणू आपोआप सरळ येते. टाटा एससारख्या २१०० मिलिमीटर चाकांतराच्या गाडीचा मागचा भाग ५० मिलिमीटरने उचलला तर हा झुकाव सुमारे १.४ अंशाने घटतो. मूळचा झुकावच मोजक्या अंशांचा असल्याने ही घट थोडी नव्हे. गाडी रस्त्यावर भटकू लागते आणि चालकाला सतत हात सावरावा लागतो. पुढचा भाग उचलल्यास सुकाणूचा दांडा तिरका होतो. मग खड्ड्यात चाक वर-खाली होताच गाडी चालकाच्या इच्छेविना बाजूला ओढ घेते.

ब्रेकचा मुद्दा तर याहून गंभीर आहे. अनेक मालवाहू वाहनांत मागील ब्रेकचा दाब ठरविणारा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चासी व आस यांच्यातील अंतरावरून तो भार ओळखतो. पाटे वाढविल्याने गाडी बसलीच नाही, तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागच्या चाकांना ब्रेक कमी मिळतो. मालकाला वाटते गाडी मजबूत झाली. प्रत्यक्षात उतारावर तिची थांबण्याची क्षमता घटलेली असते.

मध्य प्रदेशातून बिजासन घाट उतरून येणाऱ्या वाहनांना हा उतार परिचित आहे. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेरजवळ भरधाव कंटेनर वाहनांना धडक देत हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचे प्राण गेले. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून किमान १५ मजुरांचा मृत्यू झाला होता. या दोन्ही दुर्घटनांचे खापर पाट्यांवर फोडणे योग्य ठरणार नाही. तथापि भार, उंची आणि वेग यांचे गणित चुकले की किंमत कोण मोजतो, हे त्यांतून दिसले. ट्रकवर बसून घरी परतणाऱ्या मजुराला गाडीला किती पाटे आहेत हे कोण सांगणार?

कायद्याची भाषा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अवैध बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. जादा भारासाठी २० हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे दोन हजार हा दंड वेगळाच. परंतु नोंदणी पुस्तिकेत आसांचा भार असतो, पाट्यांची संख्या नसते. फिटनेस तपासणीत तुटका पाटा पकडला जाऊ शकतो, जादा पाटा पकडणे कठीण. शिवाय आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाची ही तपासणी दोन वर्षांतून एकदाच होते.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने आसभाराची मर्यादा वाढविली. पुढच्या दोन टायरच्या आसाला सहाऐवजी सात टन, तर दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन झाले. जादा पाट्यांचा मोह यामुळे ओसरावा अशी अपेक्षा गैर नव्हती. मात्र मर्यादा वाढली की तिच्याही पुढे जाणारे निघतात, हा वाहतूक व्यवसायाचा जुना अनुभव आहे.

मग बाजारातून पाटा निवडायचा कसा? सर्वांत फसवी बाब जाडीची. ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दहा मिलिमीटरच्या जागी बारा मिलिमीटरचा पाटा घातल्यास त्याचा ताठरपणा सुमारे ७३ टक्क्यांनी वाढतो. ‘दोनच मिलिमीटर’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडे म्हणूनच लक्ष देऊ नये. केळी वाहणाऱ्यांनी तर विशेष जपावे. ताठर पाट्यांची गाडी अर्ध्या भारावर इतकी आपटते की घड डागाळतात आणि वाचविलेले भाडे बाजारभावात निघून जाते. कापसाचे दुखणे वेगळे. तो वजनाला हलका पण उंच रचला जातो. तिथे गाडी उचलणे म्हणजे उलटण्याला आमंत्रण.

पॅराबोलिक पाट्यांच्या गाडीत जुन्या पद्धतीचा पाटा मिसळू नये. पॅराबोलिकमध्ये पाने एकमेकांवर घासत नाहीत, त्यामुळे तेथे शॉक अ‍ॅब्सॉर्बर उत्तम अवस्थेत लागतो. बदल दोन्ही बाजूंनी एकाच वेळी व्हावा. भट्टीत तापवून कमान चढविलेला जुना पाटा स्वस्त पडतो खरा. परंतु कारखान्यात दिलेली उष्णताप्रक्रिया त्या आगीत नाहीशी होते आणि तो लवकर बसतो किंवा मोडतो. पाट्याला वेल्डिंग तर कदापि करू नये. बिलावर सुट्या भागाचा क्रमांक घ्यावा. अपघातानंतर विमा कंपनीसमोर तोच कागद उपयोगी पडतो. नवे पाटे बसल्यावर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. फेरी चुकेल या घाईत हेच काम राहून जाते. यू-बोल्ट सैल राहिला तर सेंटर बोल्ट तुटतो आणि आस जागेवरून सरकतो.