उपकरणाबरोबर त्याची लायब्ररीही मागा

सूक्ष्मदर्शकावर बसवायचा चांगला वैज्ञानिक कॅमेरा लाखो रुपयांना येतो. खरेदी समिती त्याची संवेदनशीलता पाहते, पिक्सेल मोजते, दरपत्रके मागवते, हमी किती वर्षांची हे विचारते. एक प्रश्न मात्र सहसा राहून जातो: या कॅमेऱ्याशी आमचे स्वतःचे सॉफ्टवेअर बोलू शकेल का? तो निघतो काही वर्षांनी. तोवर प्रयोगशाळेतला संगणक बदललेला असतो, कंपनीने जुन्या मॉडेलकडे पाठ फिरवलेली असते आणि अंगावर ओरखडाही नसलेला कॅमेरा कपाटात जातो. बिघडलेले काहीच नसते. त्याच्याशी बोलणारे कोणी उरलेले नसते.

हे बोलण्याचे काम करतो सॉफ्टवेअरचा एक गठ्ठा. त्याला लायब्ररी म्हणतात. वाचनालयाशी त्याचा काही संबंध नाही. ‘प्रकाश 50 मिलिसेकंद घे’, ‘चित्र पाठव’, ‘तापमान सांग’ अशा तयार आज्ञा तिच्यात असतात. बाहेरच्या प्रोग्रॅमने आज्ञेचे नाव घ्यायचे, लायब्ररी ती उपकरणाला कळेल अशा रूपात पोहोचवते. विंडोजवर ती डीएलएल प्रकारच्या फाइलमध्ये येते. आतला मजकूर यंत्रभाषेतला, म्हणजे उघडून वाचावा असा नव्हे.

कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर असताना संशोधकाला ही उठाठेव का करावी लागते? कारण प्रयोग एका कंपनीच्या सामानावर होत नाही. कॅमेरा एकाचा, लेझर दुसऱ्याचा, काचपट्टी सरकवणारा मंच तिसऱ्याचा. दर दहा सेकंदांनी मंच सरकवा, लेझर लावा, चित्र घ्या, आणि पेशी विभाजित होऊ लागलीच तर चित्रांचा वेग वाढवा, असा प्रयोग करायचा असेल तर तिघांना एका तालावर नाचवणारा प्रोग्रॅम लागतो. तो बाजारात मिळेलच असे नाही, कारण हा प्रयोग आधी कोणी केलेला नसतो. संशोधन म्हणजे तेच तर!

या गरजेतूनच सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, रॉन वेल यांच्या प्रयोगशाळेत ‘मायक्रो-मॅनेजर’ हे सॉफ्टवेअर तयार झाले. वेल हे पेशीतल्या ‘कायनेसिन’ या सूक्ष्म मोटारीच्या शोधासाठी ओळखले जातात. 2012 चा लास्कर पुरस्कार त्यांना विभागून मिळाला. मायक्रो-मॅनेजर फुकट आहे, खुले आहे आणि जगभरच्या जीवशास्त्र प्रयोगशाळांत वापरले जाते. त्याची रचना साधी आहे. मध्ये एक गाभा आणि प्रत्येक उपकरणासाठी एक छोटा दुभाषा. दुभाषाच्या एका बाजूला गाभ्याची ठरलेली भाषा, दुसऱ्या बाजूला त्या त्या कंपनीची लायब्ररी. नवे उपकरण आले की नवा दुभाषा लिहायचा, बाकी काही हलवायचे नाही.

घोडे पेंड खाते ते या दुसऱ्या बाजूला. कंपनीची लायब्ररी 32 बिटची असेल आणि तुमचा प्रोग्रॅम 64 बिटचा, तर दोघे एका प्रक्रियेत नांदूच शकत नाहीत. लायब्ररी सी++ भाषेच्या बाह्यरूपात दिली असेल, तर कंपनीने जो कंपायलर वापरला त्याच्याशी जुळणारा तुमच्याकडे हवा. नसेल तर जोडणी होणार नाही, किंवा होईल आणि मध्येच प्रोग्रॅम कोसळेल. जाणत्या कंपन्या म्हणून जुन्या, साध्या सी भाषेतले दार ठेवतात. त्यातून कोणालाही आत येता येते. आणि सर्वांत छळणारा प्रकार म्हणजे विंडोजचा तो निरागस संदेश: ‘मॉड्यूल सापडले नाही’. फाइल तर डोळ्यांसमोर असते! हरवलेली असते ती निराळीच, या लायब्ररीला लागणारी दुसरी लायब्ररी, आणि संदेशात तिचे नाव नसते. विद्यार्थ्याचा आठवडा असा जातो. पीएचडीच्या प्रबंधात या आठवड्यांचा हिशेब कुठे लागत नाही.

हे सगळे तांत्रिक अडथळे चिकाटीने सुटतात. कागदावरचे अडथळे सुटत नाहीत. काही कंपन्या आज्ञांची यादी दाखवण्याआधी गोपनीयतेच्या करारावर सही मागतात. त्यामुळे मायक्रो-मॅनेजरसारख्या खुल्या प्रकल्पातही काही दुभाषांचा मूळ कोड खुला ठेवता येत नाही. काही लायब्रऱ्या वापरायला फुकट असतात, पण पुढे देता येत नाहीत. म्हणजे नाशिकच्या प्रयोगशाळेने काही लिहिले आणि नागपूरला हवे असले, तर अर्धाच भाग पाठवायचा. उरलेला भाग नागपूरने कंपनीकडे मागायचा, कंपनी तोवर असली तर.

हे दुखणे जुनेच. 1980 च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सचा लेझर प्रिंटर मिळाला. कागद अडकला की सर्वांना संगणकावर कळावे, एवढीच सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड मिळाला नाही. तो ज्यांच्याकडे होता त्यांनी गोपनीयतेचे वचन दिलेले होते. 1983 मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची घोषणा केली, तिच्यामागे ही ठसठस होती.

आरोग्याच्या दृष्टीने मला यातली दुसरी बाब अधिक महत्त्वाची वाटते. लायब्ररी केवळ आज्ञा पोहोचवत नाही, ती माहितीलाही हात लावू शकते. काही वैज्ञानिक कॅमेऱ्यांत उगाच चमकणारा पिक्सेल शेजाऱ्यांच्या सरासरीने झाकला जातो. फोटोसाठी हे उत्तमच. पण अंधारात एकट्या रेणूचा ठिपका शोधणाऱ्याला तो ठिपका दोष म्हणून पुसला गेला तर? अशी दुरुस्ती चालू आहे की बंद, हे निदान माहीत तरी हवे. शोधनिबंधात कॅमेऱ्याचे मॉडेल असते, लायब्ररीची आवृत्ती क्वचितच. याउलट वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठी असलेले आयईसी 62304 हे मानक पाहा. बाहेरून आणलेल्या, जन्मपत्रिका माहीत नसलेल्या सॉफ्टवेअरला तिथे इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सूप’ असे नाव आहे. (कोणी ठेवले त्याला दाद द्यावी!) अशा प्रत्येक घटकाचे नाव, निर्माता आणि आवृत्ती नोंदवणे, त्याचे ज्ञात दोष तपासणे तिथे अपेक्षित असते. रुग्णाजवळच्या यंत्राला जी शिस्त, ती ज्या संशोधनातून उद्याचे निदान उभे राहणार त्याला नको का?

कंपन्यांची बाजूही आहे. लायब्ररी खुली केली की आतल्या रचनेचा सुगावा लागतो, आणि कोणी चुकीची आज्ञा देऊन यंत्र जाळले तर दूरध्वनी कंपनीलाच येतो. पहिला मुद्दा मान्य, म्हणून मूळ कोड कोणी मागू नये. दुसऱ्याचे उत्तर असे की चुकीच्या आज्ञेने जळणारे किंवा डोळ्यांना इजा करणारे यंत्र असेल, तर त्याचा बचाव यंत्रातच हवा.

आणि हे घडू शकते, याचे उदाहरण आपल्या जवळच्या रुग्णालयात आहे. एका कंपनीच्या सीटी स्कॅनरवर काढलेले चित्र दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडते, कारण ‘डायकॉम’ हे समान मानक आहे. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना आणि विद्युत उपकरण उत्पादकांची संघटना 1983 मध्ये एकत्र बसल्या, 1985 मध्ये पहिला मसुदा आला, 1993 मध्ये डायकॉम हे नाव रूढ झाले. कारखान्यांत मालाची तपासणी करणाऱ्या कॅमेऱ्यांसाठीही ‘जेनआयकॅम’ नावाचे समान मानक आहे. माझ्या मते फरक ग्राहकाच्या वजनाचा आहे. रुग्णालये आणि कारखाने मोठे ग्राहक. विद्यापीठातला विभाग एकेक कॅमेरा घेतो, तोही मार्च महिन्यात, निधी परत जाऊ नये म्हणून.

पण सरकारी पैशाने होणारी सगळी खरेदी एकत्र धरली तर हा ग्राहक लहान नाही. निविदेत चार ओळी वाढवायच्या आहेत: सी भाषेचे दार असलेली 64 बिट लायब्ररी, शक्यतो लिनक्सवरचीही, आज्ञांची संपूर्ण लेखी माहिती, त्यात चित्रावर केल्या जाणाऱ्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद, लायब्ररी इतर प्रयोगशाळांना देण्याची परवानगी, आणि मॉडेल बंद झाले तरी शेवटची आवृत्ती उपलब्ध ठेवण्याची हमी. अशी मोकळीक ठेवून आपल्याकडेही उपकरणे झाली आहेत. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या ‘एक्स्पआइज’चे आराखडे आणि पायथनमधले सॉफ्टवेअर दोन्ही खुले आहेत.

ओळी कागदावर राहू नयेत म्हणून एक चाचणी ठेवता येईल. शेवटचा हप्ता देण्याआधी विक्रेत्याच्या अभियंत्याला कंपनीचे सॉफ्टवेअर नसलेला कोरा संगणक द्यावा, सोबत लायब्ररी आणि तिची लेखी माहिती. वीस-पंचवीस ओळींच्या प्रोग्रॅममधून त्याने एक चित्र काढून दाखवावे. संध्याकाळपर्यंत वेळ द्यावा आणि मगच पावतीवर सही करावी.