कुत्रीची सोललेली कातडी आणि आपली पाकी

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. कशेळ्याच्या आमच्या वाडीवर राखणीला चांदी नावाची कुत्री आहे. पांढरी, दाट केसांची, लोक सरसकट पामेरियन म्हणतात तशी. आमच्याकडे शहरातल्या लोकांचे बंगले झाले. त्यातल्या एका कुटुंबाने बंगला विकला आणि जाताना हिला मागे सोडलं. तेव्हापासून ती आमची. उन्हाळ्यात तिच्या केसांत कुसळं आणि गोचिड्या इतक्या अडकल्या, की मी तिला शहरातल्या एका ग्रूमिंगच्या दुकानात नेलं. “गरमी आहे, सगळेच केस काढून टाकू,” तिथला मुलगा म्हणाला. मीही मान डोलावली. तासाभराने चांदी बोडकी होऊन बाहेर आली. गळ्यात लाल रुमाल होता आणि अंगाला सेंटचा वास येत होता.

परतताना गाडीतच ती पोट चाटायला लागली. घरी उजेडात पाहिलं, तर पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि शेपटीच्या मुळाशी कातडी लालभडक झालेली. मशीन सतत चाललं की त्याचं पातं तापतं. ते उघड्या कातडीवर दाबून फिरवलं की भाजल्यासारखं होतं. त्यावर वासाचा शाम्पू नीट धुतला गेला नाही, तर आग आणखी वाढते. मी हात जवळ नेला की चांदी अंग चोरत होती.

मग सल्ले सुरू झाले. शेजारी म्हणाले, डेटॉल लाव. वाडीवरचा गडी म्हणाला, रॉकेलचा बोळा फिरव, खाज जाईल. मेडिकलवाल्याने नायट्याची ट्यूब काढून दिली. ईदनंतर राहायला आलेल्या माझ्या फुफीचा सल्ला मात्र वेगळा होता. “तू तिला हात लावू नकोस. ओली आहे ती. सात पाण्यांनी धुवावं लागेल. गड्याला सांग काय ते.”

फुफी चुकीचं बोलत नव्हती. कोकणातले आपण बहुतेक मुसलमान शाफई. आपल्या मसलकात ओल्या कुत्र्याचा स्पर्श झाला तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातलं एक पाणी मातीचं. हनफींमध्ये कुत्र्याची लाळ नापाक मानतात, पण बाहेरचं अंग नाही. मालिकी तर जिवंत कुत्र्याला पाकच मानतात. हे मतभेद शेकडो वर्षांचे आहेत आणि ते मिटवण्याचा माझा अधिकार नाही. मी शाफई आहे आणि सात पाणी मला मान्य आहेत.

माझा मुद्दा वेगळा आहे. हा नियम हात कसा धुवायचा ते सांगतो. दुखण्यात असलेल्या जनावराला हात लावायचा नाही, असं तो कुठे सांगतो? नापाकी म्हणजे गुनाह नव्हे. आपण बाळाची शी-शू काढतो, आजारी म्हाताऱ्यांचं सगळं करतो, नंतर धुतो आणि नमाजला उभे राहतो. तिथे आपल्याला प्रश्न पडत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र धुण्याचा नियम आपण न करण्याचं निमित्त करून टाकला आहे.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली हदीस आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. तहानेने ओली माती चाटणारं कुत्रं पाहून एक माणूस पुन्हा विहिरीत उतरला, आपल्या मोज्यात पाणी भरलं, तो दातांत धरून वर आला आणि कुत्र्याला पाणी पाजलं. अल्लाहने त्याला माफ केलं. जनावरांसाठीही आम्हाला सवाब आहे का, असं सहाबांनी विचारलं, तेव्हा प्रत्येक जिवंत जिवाच्या बाबतीत सवाब आहे, असं प्रेषित मुहम्मद (स.) म्हणाले. त्याचा मोजा नापाक झाला की नाही, हा त्या गोष्टीचा विषयच नाही. हौसेखातर कुत्रं पाळण्याबद्दल नापसंती सांगणाऱ्या हदिसाही आहेत, ते मी लपवत नाही. पण शेत, गुरं आणि शिकार यांसाठी त्यांतच सूट आहे. आणि कुत्रं का पाळलं हा वाद कितीही केला, तरी दारात दुखणं घेऊन बसलेल्या जिवाची जबाबदारी टळत नाही. देशाचा कायदाही तेच सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ नुसार ज्याच्या ताब्यात जनावर आहे, त्याने त्याची काळजी घेणं आणि त्याला विनाकारण वेदना होऊ न देणं हे त्याचं कर्तव्य आहे.

तर मी पशुवैद्यांना फोन लावला. त्यांनी जे सांगितलं ते इथे देतो, कारण असे सल्ले देणारे शेजारी प्रत्येक गावात असतात.

आधी डेटॉल, रॉकेल आणि ट्यूब तिन्ही बाजूला ठेवायला लावलं. कुत्र्याची वरची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. आपल्या त्वचेचा सामू ५.५ च्या आसपास असतो, कुत्र्याचा ७ च्या जवळ. म्हणून माणसांचा साबण आणि शाम्पूही त्याला मानवत नाही. खाज-नायट्याच्या अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉईड असतं आणि कुत्रं ते चाटून पोटात घेतं. कॅलामाईनमधलं झिंकही चाटलं तर बाधतं. टी ट्री तेल तर विषारीच. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, अजिबात द्यायच्या नाहीत.

करायचं ते साधं होतं. अंगावर शाम्पू राहिला असेल तर साध्या पाण्याने पूर्ण काढून टाकायचा. स्वच्छ सुती फडकं गार पाण्यात पिळून लाल जागेवर पाच-दहा मिनिटं ठेवायचं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ लावायचा नाही. बिनसाखरेचे, बिनवासाचे साधे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करून कोमट पाण्यात दुधाळ होईपर्यंत ढवळायचे, ते पाणी दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचं, मग धुवून टिपून कोरडं करायचं. चोळायचं नाही. चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घालायची, कारण चाटून चाटूनच साध्या लालीची जखम होते. बोडक्या अंगाला ऊन लागू द्यायचं नाही.

साधी आग असेल तर दोन-तीन दिवसांत उतरते. पू, दुर्गंधी, फोड किंवा पसरत जाणारी ओली जखम दिसली, तर थांबायचं नाही. काही कुत्र्यांना अंघोळीनंतर एक-दोन दिवसांत पाठीवर खोल जंतुसंसर्ग होतो. पाठ दुखते, ताप येतो, जेवण सुटतं. त्याला डॉक्टरांचंच औषध लागतं. तोंड सुजलं किंवा श्वास लागला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

डॉक्टरांनी मलाही दोन शब्द सुनावले. अशा कुत्र्यांना केसांचे दोन थर असतात. तेच त्यांना उन्हापासून वाचवतात. गरमी आहे म्हणून भादरणं म्हणजे उन्हात डोक्यावरचं छप्पर काढण्यासारखं. शिवाय ते केस पुन्हा पहिल्यासारखे येतीलच असं नाही. चूक एकट्या त्या मुलाची नव्हती. रोज पाच मिनिटं कंगवा फिरवला असता, तर गुंता झालाच नसता. मी तिला नेलं स्वच्छतेसाठी, पण मान डोलावताना विचार केला तो माझ्या सोयीचा.

मी रबरी हातमोजे मागवले. ते येईपर्यंत दीड दिवस उघड्या हातांनीच फडकं ठेवत होतो. पहिल्या संध्याकाळी उठलो, तेव्हा फुफी नळाजवळ तांब्या घेऊन उभी होती. एका वाटीत वाडीतली माती काढून ठेवली होती. काही न बोलता तिने पाणी ओतलं, बोटांवर सात वेळा मोजलं, आणि म्हणाली, “आता जा, मगरिबची वेळ होतेय.” दुसऱ्या दिवशी ओट्स तिनेच दळून दिले. चांदीला तिने हात लावला नाही, आणि लावायला हवा होता असंही मला वाटत नाही.

चौथ्या दिवशी लाली गेली. केस अजून सारखे आलेले नाहीत. आता कंगवा घरीच फिरवतो आणि दुकानात न्यावंच लागलं, तर समोर उभा राहतो, पातं मध्येच थंड करायला सांगतो, कातडीपर्यंत केस कापू देत नाही.

माझ्या भाईबंदांना एवढंच सांगायचं आहे. कुत्रं पाळा अगर पाळू नका, सात वेळा धुवा अगर तीन वेळा, आपापल्या आलिमांना विचारा. पण दारातल्या जनावराला दुखतंय हे दिसल्यावर पाकीचं नाव सांगून मागे फिरू नका. हात धुवायला पाणी आहे, मातीही आहे. हात मागे घेतला, तर त्याचा जाब द्यावा लागेल.