एक पेला ग्लुकोज आणि एक खाडा

भगिनींनो, दिवाळी सरली की आपल्या कुरुंदवाडच्या आसपास, कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या रानांत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीड, जालना, परभणीकडून आलेली ही माणसे माळावर कोप्या घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांची मुले वर्षाच्या मध्येच आमच्या शाळांत येऊन बसतात. त्यांच्या आया दारावर पाण्याला येतात, आठवडी बाजारात भेटतात. त्यांतल्या काही जणी दिवसांत असतात आणि तशाच मोळ्या उचलतात.

त्यांच्याशी बोलताना गरोदरपणातल्या साखरेचा विषय निघाला की ठरलेली उत्तरे ऐकू येतात. ‘साखर हा बसून खाणाऱ्यांचा आजार, आम्ही घाम गाळतो.’ ‘साखर वाईट, गूळ चालतो.’ ‘सुई एकदा लागली की जन्माची लागली.’ हसण्याआधी आपल्या घरात कान द्यावा. आपल्या अम्मी आणि खालाही हेच सांगतात.

खरे काय ते समजून घेऊ. गरोदरपणात वारेतून निघणारे काही घटक आईच्या शरीरातील इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. ही कमतरता ज्या शरीराला भरून काढता येत नाही, तिथे साखर वाढते. म्हणून कष्टाळू, सडपातळ बाईलाही हा त्रास होऊ शकतो. गूळ, काकवी, उसाचा रस यांनीही रक्तातील साखर वाढतेच. गोळी द्यायची की इन्सुलिन, हे डॉक्टर ठरवतात. इन्सुलिन वारेतून बाळापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचे बंद होते. दुर्लक्ष केले तर बाळ फार मोठे होऊन बाळंतपण अडते, आईचा रक्तदाब वाढतो, जन्मानंतर बाळाची साखर एकदम उतरते.

तपासणी अवघड नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. आकडा १४० किंवा त्यापुढे गेला तर उपचार हवा. उपाशीपोटी जावे लागत नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही पद्धत पुढे आणली ती याचसाठी, कारण ‘उद्या उपाशी या’ म्हटले की लांबून आलेली बाई पुन्हा येत नाही. केंद्र सरकारच्या सूचनेप्रमाणे ही तपासणी पहिल्या भेटीत करायची आणि तेव्हा साखर ठीक निघाली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करायची. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी असते.

मग अडते कुठे? समजुतींपेक्षा जास्त त्या दोन तासांत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कामावर न गेल्यास खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हाही हा खाडाच चर्चेत आला होता. त्यात गावाकडची ओळखीची आशाताई इथे नाही आणि कार्ड अनेकदा गावीच राहिलेले असते.

इथे आपले काम सुरू होते. ज्यांच्या रानात तोड चालू आहे त्या भावांनी मुकादमाला सांगावे, ‘हिला आज दवाखान्यात जाऊ दे, खाडा धरू नको.’ घरातल्या एखादीने तिच्यासोबत जावे. ते दोन तास तिथे एकटीने बसणे परक्या गावात जड जाते. खाण्यापिण्याचा सल्लाही तिच्या चुलीला झेपेल असाच द्यावा : ज्वारीची भाकरी बेताने, सोबत मटकी-हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, जमले तर अंडे. थोडे थोडे, पण वेळेवर. चहा बिनसाखरेचा. उपाशी राहून साखर उतरवायची नाही.

अलीकडे रमजान याच हंगामात येतो. आपल्या सुनेची किंवा टोळीतल्या एखाद्या मुस्लिम बहिणीची साखर वाढलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला रोजा धरायला लावू नये. आजारी आणि मुसाफिर यांना सूरह बकराच्या १८५ व्या आयतीत सवलत आहे. आईला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असेल तर रोजा पुढे कजा करता येतो, असे उलमा सांगतात. अल्लाहने दिलेली सवलत सासूने काढून घेऊ नये.

शेवटची गोष्ट. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासायची असते, कारण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका अधिक. तोवर हंगाम संपून ती कदाचित आपल्या गावी गेलेली असेल. म्हणून तिचा आकडा, तारीख आणि चालू औषध एका कागदावर स्वच्छ मराठीत लिहून तिच्या पिशवीत ठेवून द्या. गावच्या आशाताईला तो वाचता आला की उपचार जिथे थांबला तिथून पुढे चालू होईल, इन्शाअल्लाह.