व्हायोलिनच्या अंगाची बास
नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागल्या, की मी सुपाऱ्यांची घासाघीस ऐकायला जातोच. यंदा मात्र माझं लक्ष उडालं, कारण एका टेम्पोतून ढोलक्या-पेटाऱ्यांमागोमाग चक्क व्हायोलिनच्या आकाराची बास गिटार उतरली. जर्मनीच्या हॉफनर कंपनीने १९५६ मध्ये काढलेला हा घाट. डावखुऱ्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हँबुर्गला ती घेतली, कारण दोन्ही अंगं सारखी असल्याने उलटी धरली तरी बेंगरूळ दिसत नव्हती. शिवाय आतून पोकळ, म्हणून वजनाला फूल! गिब्सनची १९६३ सालची थंडरबर्डही नावाजलेली, मोटारींचे आराखडे करणाऱ्या रे डीट्रिकने रेखाटलेली. पण गळ्यात घातली की मान टाकते. बासमध्ये देखणी एकच, ही व्हायोलिनवाली, यावर मी वाद घालणार नाही. अन् फडात तिची जागा मागेच, तुणतुण्याशेजारी. लाकडी नळकांडं, तळाला कातडं, बाजूला बांबूची काठी आणि एक तार, एवढ्यावर तुणतुणं लावणीचा सूर धरून ठेवतं. राहुटीतल्या म्हाताऱ्या सुरत्याने त्या गिटारीच्या चारही तारा बोटाने चाचपल्या आणि विचारलं, “उरलेल्या तीन कशाला?”